लॅपटॉपचा दसरा

गणपती गेले की आमच्या गल्लीत एकच प्रश्न फिरायला लागतो. "दसरा काढला का?" डेअरीच्या रांगेत, भाजीच्या गाड्यावर, फोनवर ख्यालीखुशालीच्याही आधी. बाहेरच्या माणसाला वाटेल, दसरा येतो, तो काढायचा कसा? आमच्याकडं तो आधी काढावा लागतो. घट बसायच्या आत घरातली एकूणएक वस्तू उन्हात आणायची, धुवायची, घासायची, झटकायची, रिकामं घर झाडून पुसून घ्यायचं आणि मग जे ठेवायचं आहे तेवढंच आत न्यायचं. याला दसरा काढणं म्हणतात.

आज सकाळी पेठ वडगावहून आत्याचा फोन आला. तिनंही तेच विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही. आई उद्या काढायचा म्हणते."

"मग तुझं ते पेटारं पण काढ की भाईर," ती म्हणाली. पेटारं म्हणजे माझा लॅपटॉप. "मी न्हाय बाबा औंदा त्येला हात लावायची." आणि स्वतःच खूप वेळ हसली.

फोन ठेवून मी गच्चीवर गेले. पावसानं धुतलेलं आणि आता तापायला लागलेलं ऊन होतं. समोरच्या घराच्या कठड्यावर वाकळा पडल्या होत्या, जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या, पाणी पिऊन जड झालेल्या. पलीकडच्या गच्चीत पितळी डबे चिंच लावून उपडे मांडले होते आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं इतके ते चमकत होते. धुण्याच्या सोड्याचा वास गल्लीभर होता. हा वास आला की मला आधी थोडी भीती वाटते, आणि लगेच सुटल्यासारखं वाटतं. दोन्ही काही वर्षांपूर्वीच्या एका दसऱ्याचं आहे.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी एकदा सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला होता. मी लिहिलं की आम्ही सगळ्यांनी मिळून घरातून दसरा बाहेर काढला. बाईंनी त्या ओळीभोवती लाल गोल केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. बाई आमच्या भागातल्या नव्हत्या. उभं राहून त्यांना समजावून सांगायला हवं होतं, म्हणजे वर्गापुढं बोलायला हवं होतं. मी वहीकडं बघत राहिले.

पुष्कळ वर्षं माझं असंच चाललं. शाळेतलं इंग्रजी मला नीट येत होतं, पण ते कागदावर. घरचं मराठी बोलायला गेले की चुलत भावंडं म्हणायची, "आली बघा मॅडम." मग गप्प बसणं सोयीचं पडत गेलं. गप्प बसणाऱ्याला दिसतं मात्र खूप. आई रागावली की भांडी आवाज न करता ठेवते, पप्पांना घरात काही करायचं नसलं की त्यांना शाहूपुरीतल्या दुकानात अचानक पंपाचे सुटे भाग मोजायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. कंपनी पुण्यातली, छोटीशी. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी. ते नीट चालतं का हे तपासायचं काम माझं, आणि तेही घरून. जिन्याखालच्या माझ्या खोलीत टेबल, खुर्ची आणि कॉलेजपासूनचा लॅपटॉप. खिडकीतून आईच्या भांड्यांचा आवाज येई, त्यावरून किती वाजले ते मला कळे. संध्याकाळी एकटीनं रंकाळ्यावर एक फेरी. कुणाशी विशेष बोलायचं नाही, काम मात्र चोख द्यायचं. एवढं मला पुरत होतं. पुरत होतं म्हणते, पण खरं सांगायचं तर मी त्याआधी कधी इतकी बरी नव्हते.

घात करत होता तो लॅपटॉप. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स असतं. बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर जी प्रणाली विकत घेतानाच असते, तिच्याऐवजी आमच्यासारखी काही माणसं हे घालतात. फुकट असतं आणि आतलं सगळं आपल्या हातात असतं. हातात असतं म्हणूनच मी कॉलेजच्या वर्षांत त्याचा उकिरडा करून ठेवला होता. काही अडलं की इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेल्या दोन ओळी उचलायच्या आणि आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत चिकटवायच्या. काम व्हायचं. काय केलं ते मात्र आठवत नसे. एखादं सॉफ्टवेअर घातलं की ते आपल्याबरोबर चार पाहुणे घेऊन यायचं, आणि ते काढून टाकलं तरी पाहुणे मुक्कामाला राहायचे. एकाला जुनी आवृत्ती लागे, दुसऱ्याला नवी, आणि दोघांचं भांडण ऐन वेळी माझ्या पडद्यावर होई.

श्रावणात ते एका ग्राहकासमोर झालं. मी सॉफ्टवेअर चालवून दाखवत होते आणि पडदा काळा झाला. मानसी मॅडम म्हणजे माझ्या वरच्या. कॉल पुन्हा जोडल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "हे दुसऱ्यांदा झालं. घरचा सेटअप भरवशाचा नसेल, तर तू पुण्याला ये. ऑफिसमध्ये बसून कर. आता पुढच्या डेमोला बघू, मग ठरवू."

मी म्हटलं, "ओके मॅडम."

पुणं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण एका मोठ्या खोलीत ओळीनं बसलेली माणसं, डबा खाताना आपली वाट बघणारी गप्पांची जागा, रात्री परत हॉस्टेलच्या खोलीत तीन अनोळखी मुली, हे मी कॉलेजात एक वर्ष करून बघितलं होतं. तेव्हा मी जेवणाच्या वेळा टाळायला शिकले होते. पुन्हा तिथं जायचं नव्हतं. हे मी मॅडमना सांगितलं नाही आणि घरीही नाही. घरी सांगितलं असतं तर आत्यापर्यंत गेलं असतं, आणि आत्याचं उत्तर मला पाठ होतं. "पुण्याला जायाचं तर लगीन करून जा की पोरी, एका खर्चात दोन कामं."

मग मी एक दुसरी प्रणाली शोधली. तीही लिनक्सच, पण तिची रीत वेगळी. तिथं कॉम्प्युटरला हे कर, मग ते कर असं सांगत बसायचं नसतं. एका साध्या मजकुराच्या फायलीत फक्त लिहायचं, काय काय असावं. ही सॉफ्टवेअरं असावीत, ती या आवृत्तीची असावीत. अक्षरं ही, रंग हे, पप्पांचा प्रिंटर जोडलेला असावा, झाकण मिटलं की झोपावं. ते कसं करायचं ते मशीन बघून घेतं. फायलीत जे लिहिलं तेवढं येतं, जे खोडलं ते जातं आणि जाताना पाहुणे घेऊन जातं. नव्या बदलानं काही बिघडलंच, तर सुरू होताना मशीन विचारतं, कालची मांडणी हवी का? हो म्हटलं की काल जसं होतं तसं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागं टेकून बसले. कुणीतरी मला विचारत होतं, तुला काय हवंय, आणि बोलून दाखवायची सक्ती नव्हती.

गणपतीच्या दिवसांत आरत्यांचे आवाज आत येत असताना मी ती फाईल लिहायला बसले. सराव म्हणून पप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. दुकानात नवा आल्यावर तो बाहेरच्या खोलीत आला होता आणि त्याच्यावर कुणाचंच काही नव्हतं. एक एक ओळ लिहायची, मशीनला पुन्हा उभं करायचं, बघायचं. प्रत्येक सॉफ्टवेअरपुढं मी थांबत होते. हे का आहे? हे मी वापरते का, की कधीतरी कुणीतरी चांगलं म्हटलं म्हणून आहे? तीन तीन नोंदवह्या, गाणी वाजवणारी चार, एक घड्याळ जे मी कधीच बघितलं नव्हतं. मोठी फाईल झाली तशी मी तिचे भाग केले. कामाचं एका फायलीत, लिहिण्यावाचण्याचं दुसरीत, दिसण्याचं तिसरीत. प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहिलं. ज्याचं कारण लिहिता येईना ते खोडलं. खोडताना हात आधी जड होई आणि मग इतका हलका होई की मी आणखी काय खोडता येईल ते शोधत बसे. स्वयंपाकघरातली मांडणी आई अशीच लावते. ज्या डब्याला रोज हात लागतो तो खाली, सणाचे वर, आणि ज्याचं झाकण हरवलंय त्याला माफी नाही.

फाईल तयार झाली. ती इंटरनेटवरच्या माझ्या खात्यात ठेवायला हवी होती. अजून दोन ओळी नीट करू, मग ठेवू, असं म्हणत राहिले. तिथं ती कुणालाही दिसणार नव्हती, तरी अर्धवट लिहिलेलं बाहेर ठेवायला मला लाज वाटायची.

आणि मग दसरा काढायचा शनिवार आला. डेमो सोमवारी होता.

आत्या तेव्हा दरवर्षी या कामाला वडगावहून यायची. तिचं म्हणणं, वहिनीला घर लावता येतं, काढता येत नाही. सकाळी एसटीतून उतरली ती पदर खोचूनच आत आली. पप्पा दुकानाला निघालेच होते. "चाललासा? जावा," आत्या त्यांना म्हणाली. "पंपाचं भाग पळून जातील न्हायतर." दुपार व्हायच्या आत आमचं घर दारासमोरच्या फरशीवर आलं होतं. गाद्या, ट्रंका, देवांचे फोटो, पाटा, मिक्सर, पप्पांचा जुना कॉम्प्युटर. त्याच्या वायरी आईनं ओल्या फडक्यानं पुसून परकराच्या नाडीनं बांधल्या होत्या. एका कोपऱ्यात चादरीखाली वेगळा ढीग होता. लहान कुकर, एक ताट, दोन वाट्या, आणि आत्यानं नुकतीच शिवलेली वाकळ. मी उचलायला गेले तर आई म्हणाली, "असू दे ते तिथंच." कुणाला तरी द्यायचं असेल, असं मला वाटलं.

मला वाटलं, आजच करू. घर रिकामं होतंय, लॅपटॉपही रिकामा करू. होतं नव्हतं ते सगळं मी एका छोट्या डिस्कवर घेतलं, फोटो, कॉलेजची कामं, ती फाईलसुद्धा. डिस्क बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगलेल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग लॅपटॉप पूर्ण पुसला आणि नव्या प्रणालीचा पाया घातला. रिकाम्या खोलीत फरशीवर बसले होते. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. लॅपटॉपवरही तसंच, काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. फार छान वाटलं. आता बॅगेतून डिस्क काढायची, फाईल द्यायची, की झालं.

बॅग खुंटीवर नव्हती.

बाहेर आत्या मोठ्या घमेल्यात दोन्ही हात घालून काहीतरी तुडवल्यासारखं चोळत होती. सोड्याचा फेस कोपरापर्यंत आला होता. फेसातून माझ्या बॅगेचा पट्टा वर आला.

"आत्या, त्यात काही होतं का?"

"काय न्हाय की. झटकून घिटली मी. एक पेन निघालं, त्ये ठेवलंय बाजूला." तिनं हात थांबवले. "का गं?"

मी आतला कप्पा उघडला. डिस्कमधून पाणी आलं. थोडं, पण आलं.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आई सांगते की मी ती डिस्क ओढणीनं पुसत राहिले. आईनं माझ्या हातातून ती घेतली आणि सरळ आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाच्या डब्यात पुरली. पाणी गेलेला मोबाईल तांदळात ठेवतात, हे तिला कुठूनतरी माहीत होतं.

"अगं वैनी, सणाचा तांदूळ हाय त्यो," आत्या म्हणाली.

"असू दे, वन्सं."

"आता भाताला वायरीचा वास यील बघ."

माझी नजर नाडीनं बांधलेल्या वायरींवर गेली. फाईल मी त्याच कॉम्प्युटरवर लिहिली होती. तो तिथंच होता, दोन गाद्यांच्या मधे, उन्हात.

आत नेऊन लावायला जागा नव्हती, फरशी ओली होती. शेजारच्या बापूकाकांच्या दारातून वायर ओढून मी तो तिथंच ट्रंकेवर मांडला. काका कठड्यावरून बघत होते. "सायबर कॅफे काढलास काय गं दारात? आमाला पास फुकट ठेव." बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं. पण ऊन इतकं होतं की पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं.

आत्या काही न विचारता उठली, नवी वाकळ उचलली आणि मला, पडद्याला आणि स्वतःला तिच्याखाली घेतलं. आत एकदम अंधार झाला. नव्या दोऱ्याचा आणि सोड्याचा वास. पडद्याचा निळा उजेड आत्याच्या नाकातल्या चमकीवर पडला होता. मशीन हळूहळू जागं होत होतं आणि आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो होतो, लहान मुलं खेळायला बसतात तशा.

"एवढं काय हाय गं त्यात?" आत्यानं हळू विचारलं. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

वाकळेखाली होते म्हणून असेल, किंवा तोंड दिसत नव्हतं म्हणून. मी सांगून टाकलं. "यात नसलं तर सोमवारचं काम होणार नाही. मग मला पुण्याला जावं लागंल. आणि मला जायचं न्हाय, आत्या. मला हितंच ऱ्हायाचंय."

शाळेनं घासून काढलेले शब्द त्या दोन वाक्यांत कुठून परत आले कुणास ठाऊक.

बाहेरून आईचा आवाज आला. "जायचं न्हाय?"

तिनं वाकळेचं टोक उचललं. उजेड आत आला. "तू तर हो म्हणालीस की त्या बाईंना. मी ऐकलं खिडकीतनं. पुण्याला ये म्हणाल्या, तू ओके म्हणालीस."

"ते तसंच म्हणतात, आई."

"मला काय ठाऊक." ती कोपऱ्यातल्या ढिगाकडं बघत होती. "मी तुझं सामान काढून ठेवलं. कुकर, ताट. ही वाकळ वन्संनी तुझ्यासाठीच शिवली. तू काय बोलंनास, म्हटलं जायचंच असेल, आमाला सांगायला अवघड वाटत असेल."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "दोघी एका घरात ऱ्हाताय न्हवं?" ती म्हणाली. "मग एकमेकीला पत्रं तरी लिवा."

मी पडद्याकडं वळले. आई वाकळेचं टोक धरूनच उभी राहिली. फाईल होती. सगळे भाग, सगळ्या ओळी, शेजारची कारणं. ती मी पेन ड्राइव्हवर घेतली.

लॅपटॉपला फाईल दिली आणि मोबाईलचं इंटरनेट जोडून दिलं. ओळी वर सरकायला लागल्या. एकेक सॉफ्टवेअर येऊन आपल्या जागी बसत होतं. आम्ही दारातच जेवलो, सकाळच्या भाकरी, झुणका आणि कांदा, कारण स्वयंपाकघरही रस्त्यावरच होतं. आत्या मधूनमधून पडद्याकडं बोट करायची. "आता काय आलं?" मी सांगायची. चित्रं बघायचं आलं. "आता?" दुकानाचा प्रिंटर आला. "ह्यो तुझा बापूस तरी कधी आणतोय का एवढं सामान न इसरता," ती म्हणाली.

ताटं धुवून होईपर्यंत लॅपटॉप उभा राहिला. तोच रंग, तीच अक्षरं, कामाची सगळी हत्यारं ज्या आवृत्तीची हवीत त्याच आवृत्तीची. मी दवाखान्याचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघितलं. एकदाही अडलं नाही.

एकच गोष्ट आली नव्हती. मराठी. टाईप करायला गेले तर इंग्रजीच उमटत राहिलं. त्या पावसाळ्यात मी गुपचूप मराठीत लिहायला लागले होते, चार-सहा ओळी, कुणाला न दाखवता. त्यासाठी मराठी कळफलक मी मेनूत जाऊन हातानं लावला होता. फाईलमध्ये लिहिलाच नव्हता. मशीनचा त्यात काही दोष नाही. त्याला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं आणलं नाही. मी ती ओळ लिहिली आणि शेजारी, पहिल्यांदाच मराठीत, कारण लिहिलं. नंतर लगेच सगळं इंटरनेटवरच्या खात्यात ठेवलं. तेव्हा लाज वाटली नाही.

संध्याकाळी घर आत गेलं. आईनं कुकर उचलला, मांडणीपाशी जाऊन थांबली आणि मला विचारलं, "हा कुठं ठेवू?" "होता तिथं," मी म्हटलं. तिनं तो होता तिथं ठेवला. आवाज करून ठेवला.

सोमवारी डेमो सुरू झाला तेव्हा आत्या गच्चीवर राहिलेल्या गाद्या काठीनं झोडत होती. माझ्या खोलीची दारं-खिडक्या बंद होत्या, तरी धप धप ऐकू जात होतं. मी बोलत होते, पडदा बदलत होते. मधेच मानसी मॅडमनी विचारलं, "हा आवाज कसला येतोय?"

"आमच्याकडं दसरा काढतायत," मी म्हटलं, आणि शाळेतला लाल गोल आठवला.

मॅडम म्हणाल्या, "आमच्या आईचा परवाच झाला, कराडला. चालू दे." ग्राहक हसले असावेत, कारण पुढचे प्रश्न त्यांनी मोकळ्या आवाजात विचारले. शेवटपर्यंत पडदा एकदाही काळा झाला नाही.

कॉल संपल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. मग पुण्याचं काय करायचं?"

ओके मॅडम हे शब्द तोंडाशी तयार होते. ते मागं सारून मी म्हटलं, "मला इथूनच करायचं आहे. मॅडम, मला इथून चांगलं जमतं."

"आधीच सांगायचंस की गं," त्या म्हणाल्या. मॅडम इतकं कराडचं बोलतात हे मला त्या दिवशी कळलं.

डिस्क बरेच दिवस तांदळात होती. वाळून चालू झाली तेव्हा मी ती उघडून बसले. कॉलेजचे चार कोपऱ्यांतले चार ढीग, एकाच गोष्टीच्या तीन तीन प्रती, नावं न दिलेल्या फायली. फोटो घेतले आणि बाकीचं तिथंच ठेवलं. आजवर त्यातलं काही लागलं नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या भाताला वायरीचा वास येत होता की नाही यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. आत्याचं मत ऐकू येण्यासारखं आहे.

तेव्हापासून ती फाईल माझ्याबरोबर आहे. जुना लॅपटॉप गेला, नवा आला, तेव्हा तो बाजारातून घेऊन आले आणि पप्पांचा चहा होईपर्यंत तो जुन्यासारखा होऊन बसला. पप्पा म्हणाले, "हा नवा आणलास ना? मग जुनाच का दिसतोय?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तसं नसतं. मी म्हटलं, "तेच तर."

काही नवं करून बघायचं असलं तर मी ते फायलीत लिहीत नाही. ही प्रणाली एखादं सॉफ्टवेअर तेवढ्यापुरतं उसनं देते. काम झालं, खिडकी मिटली की ते गेलं. शेजारून पुरणयंत्र आणावं आणि संध्याकाळी धुवून परत करावं तसं. फायलीत लिहायचं ते विचार करूनच, कारण लिहिलं की ते राहतं. ती दरवर्षी थोडी लहान होते. याचा मला जो आनंद होतो तो कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथं लिहिते.

माणसाचं असं होत नाही, हे मला कळतं. मी अजूनही फारशी बोलत नाही. कालची मांडणी हवी का, असं मला सकाळी कुणी विचारत नाही. पण एखादी गोष्ट आत अडून बसली की मला ती वाकळ आठवते, निळा उजेड, आणि बाहेर टोक धरून उभी राहिलेली आई. मग सांगून टाकते. दर वेळी नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त वेळा.

हे लिहिता लिहिता दोन दिवस गेले आणि आमचाही दसरा निघाला. या वर्षी बॅग मी स्वतः रिकामी करून आईच्या हातात दिली. तिनं तरीही सगळे कप्पे उलटे करून झटकले, माझ्याकडं बघत. लहान कुकर उन्हात वाळला, आत आला आणि तिनं न विचारता तो मांडणीवर ठेवला. आता आम्ही दोघीच घरात असलो की त्यातच भात होतो.

आजही तो चढवला आणि शिट्टी होईपर्यंत मी आत्याला फोन लावला.

"काढला का दसरा?" तिनं उचलता उचलताच विचारलं.

"काढला," मी म्हटलं. "समदं जागच्या जागी हाय."